40 कोटींतली एक संख्या

2004 च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीतून जाणाऱ्या हायवे 101 वर एक भलामोठा फलक लागला. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, 'भरती सुरू आहे' असंही नव्हतं. महिरपी कंसात एवढंच लिहिलं होतं: ई या स्थिरांकाच्या लागोपाठच्या अंकांत सापडणारी पहिली दहा-अंकी मूळ संख्या. कंसापुढे डॉट कॉम, म्हणजे ती संख्या हाच वेबसाइटचा पत्ता.

ई म्हणजे 2.718281828 असं सुरू होणारं, कधीच न संपणारं प्रकरण. दहा-अंकी संख्या एकूण 900 कोटी. सेकंदाला एक पत्ता तपासत गेलं तर 285 वर्षं लागतील. फक्त मूळ संख्या घेतल्या तरी 40 कोटी 42 लाख 4 हजार 977 उरतात. उत्तर होतं 7427466391, दशांशचिन्हानंतर 99 व्या स्थानापासून सुरू होणारं.

या 99 पाशी मी दर वेळी थबकतो. दहा-अंकी संख्यांत साधारण दर 22 मागे एक मूळ असते. त्या हिशेबाने इथवर येईपर्यंत चार तरी भेटायला हव्या होत्या. एकही भेटत नाही. आणि सापडलेली संख्या मूळच आहे हे हाताने पडताळायचं, तर 86,182 पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहायचं. असे भाजक 8 हजारांहून जास्त. एका भागाकाराला मिनिट धरलं तरी रोज आठ तास बसून सतरा-अठरा दिवस, तेही या एकाच संख्येसाठी. दहा-वीस ओळींचा प्रोग्राम मात्र सगळी शोधाशोध क्षणात उरकतो. म्हणजे कंपनीला हवा होता तो, कुणी सांगितलेलं नसताना घरी जाऊन त्या दहा-वीस ओळी लिहिणारा माणूस.

त्या पत्त्यावर दुसरं कोडं होतं: 7182818284, 8182845904, 8747135266, 7427466391, पाचवी संख्या कोणती? चारही ईच्याच अंकांतल्या. कुठल्याही एकीचे अंक मिळवून बघा, बेरीज 49 येते. तशी पाचवी 5966290435. ती सापडली की गूगलचं पान उघडायचं आणि तिथे बायोडेटा मागितलेला असायचा. याच कंपनीने त्या वर्षी एप्रिलमध्ये शेअरबाजारात उतरण्यासाठी दाखल केलेल्या कागदपत्रांत उभारायची रक्कम 2,71,82,81,828 डॉलर लिहिली होती. तीही ईच!

अशी चाळणी जुनीच. जानेवारी 1942 मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने 12 मिनिटांत शब्दकोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली. त्यात उतरलेल्यांपैकी काहींना पुढे ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला बोलावलं गेलं.

या पद्धतीत एक भोक आहे. उत्तर एकाला सापडलं की ते हजारांना सांगता येतं, त्यामुळे पुढे मुलाखत घ्यावीच लागते. तरीही मला ती मनापासून पटते. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कॅम्पसला कितीतरी कंपन्या आधी दहावीपासूनचे 60 टक्के बघतात, आणि 59 वाला तिथेच गळतो, त्याने रात्र रात्र जागून काय लिहिलंय हे कुणी न बघताच. हायवेवरच्या त्या फलकाने टक्के विचारले नव्हते.