पोहणे, सायकल, धावणे : एका दिवसात ११३ किलोमीटर

धावण्याच्या शर्यती आता जिल्ह्याजिल्ह्यांतून होतात. पण 'ट्रायथलॉन' हा शब्द आपल्या भागात अजून फारसा रुळलेला नाही. आधी पोहायचे, पाण्यातून निघाले की ओल्या अंगानेच सायकलवर बसायचे, सायकल ठेवली की धावत सुटायचे आणि या सगळ्यात घड्याळ कुठेही थांबायचे नाही, अशी ही तिहेरी शर्यत. ऑलिंपिकमध्ये ती २००० साली सिडनीला प्रथम खेळली गेली. तिथले अंतर बेताचे असते : दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. आज लिहायचे आहे ते त्यापुढच्या पायरीविषयी. कारण त्या पायरीवर पाय ठेवू पाहणारी चाळिशीची मंडळी आता तालुक्याच्या दवाखान्यातही येऊ लागली आहेत, हातात वैद्यकीय दाखल्याचा कागद घेऊन.

या पायरीचे नाव अर्धी आयर्नमॅन. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी ती प्रथम झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. म्हणजे नदीच्या पात्रात दोन किलोमीटर पोहून, घनसावंगीहून सायकलने जालन्याला जाऊन परत यायचे आणि मग वर आणखी एकवीस किलोमीटर पळायचे, असा अंदाज करावा. साऱ्याला मिळून मुदत साडेआठ तास. पहिल्या वर्षी मणिपूरच्या बिश्वोरजित सिंग सायखोम यांनी ती पावणेपाच तासांच्या आत संपवून पहिला क्रमांक मिळवला. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते आणि तिला साधारण सतरा तास मिळतात.

हा खटाटोप निघाला हवाई बेटावर. पोहणारा अधिक दमदार की धावणारा, असा वाद तिथे रंगला होता. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तोड काढली, तिन्ही शर्यती एकाच दिवशी एकापाठोपाठ एक घेऊ. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण उतरले, बारा जणांनी शेवट गाठला. आपल्याकडे पारावर असे वाद रोज होतात. सुदैवाने त्यातून शर्यती निघत नाहीत.

मराठी माणसांना हे नाव माहीत झाले ते मुख्यतः मिलिंद सोमण यांच्यामुळे. जुलै २०१५ मध्ये झुरिचची पूर्ण आयर्नमॅन त्यांनी १५ तास १९ मिनिटांत संपवली, तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. पण ते लहानपणापासून पोहणारे, राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवलेले. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांच्या नावावर वीसहून अधिक पूर्ण आयर्नमॅन आहेत, तेही मुळात जलतरणपटूच. वर्तमानपत्रातला फोटो पाहणाऱ्याला पन्नाशी दिसते, त्याआधीची चाळीस वर्षे दिसत नाहीत. २०१७ मध्ये फ्रान्सला पूर्ण आयर्नमॅन केलेले पोलीस अधिकारी कृष्णप्रकाश यांच्यासारखा नोकरी सांभाळून हे करणारा माणूसही आहे. तेव्हा हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे मी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो तयारीच्या क्रमाचा.

मध्यंतरी एक शिक्षक आले. वय चव्वेचाळीस, दोन वर्षे नियमित धावणे, वजन आटोक्यात. "डॉक्टरसाहेब, तुमची फक्त सही हवी आहे," म्हणाले. मी म्हटले, "सर, सहीला मिनिट लागत नाही. आधी वडिलांचे सांगा." वडील बावन्नाव्या वर्षी शेतात बसल्या जागी गेले होते. घरात याला 'देवाघरचे बोलावणे' म्हणत. आमच्या लेखी मात्र तो कागदावर लिहायचा पहिला मुद्दा. त्यांना जालन्याला पाठवून ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी आणि पट्ट्यावर चालवून करतात ती तपासणी करायला लावली. रक्तदाब १५०/९६ निघाला, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. बाकी तपासण्या ठीक होत्या. सही मी सहा महिन्यांनी केली, गोळ्यांनी रक्तदाब स्थिरावल्यावर. सर थोडे रागावले होते, पण दर महिन्याला येत राहिले.

ज्यांच्या घरात पन्नाशीच्या आत कोणी अचानक दगावले आहे, ज्यांना चालताना छातीत दाटते, पळताना भोवळ येते, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखू आहे, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. हे मी उगीच सांगत नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण लाखात पावणेदोन, म्हणजे फार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. शंभरातले पंच्याऐंशी पुरुष होते, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. आणि १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या. सायकल किंवा धावण्यात नव्हे, पाण्यात! ज्या ६१ जणांचे शवविच्छेदन झाले त्यांपैकी २७ जणांच्या हृदयात आधीपासून दोष सापडला.

पाण्यातच का? पोहणे हा पहिला टप्पा. छातीत धडधड असते, शेकडो माणसे एकदम पाण्यात शिरतात, कोणाची लाथ लागते, कोणाचा हात तोंडावर येतो. धास्तीने हृदयाचे ठोके वाढतात, तर तोंड पाण्याखाली गेल्यावर शरीराची उपजत प्रवृत्ती ठोके कमी करण्याची असते. या ओढाताणीत आजारी हृदयाची लय बिघडत असावी, असे तज्ज्ञ मानतात. शिवाय रस्त्यावर भोवळ आली तर माणूस खाली बसतो. पाण्यात बसायला जागा नसते.

आपल्या भागातला माणूस पोहायला शिकतो विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून. त्याला सूर मारता येतो, तळाचा दगड काढून आणता येतो. पण विहिरीत दहा हात मारले की काठ येतो, आणि डोके सतत पाण्याबाहेर असते. १.९ किलोमीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या, तोंड पाण्यात ठेवून, श्वास कुशीवर घेत. गोव्याला त्यासाठी एक तास दहा मिनिटे मिळतात, त्यानंतर पाण्याबाहेर काढतात. हे विहिरीत जमत नाही. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला तलावावर जाऊन शिक्षकाच्या नजरेखाली चार-सहा महिने घालवावे लागतात. कोणी म्हणेल, आपल्याला गोदावरी आहे की. आहे, पण बंधाऱ्यांच्या पाण्यात एकट्याने उतरू नये. वाळू उपशाने पात्रात जागोजागी खोल खड्डे झाले आहेत, ते वरून दिसत नाहीत, आणि दरवाजे उघडले की पाण्याची चाल बदलते. सोबत पट्टीचा पोहणारा, कमरेला रंगीत तरंगता फुगा आणि काठावर दोर धरलेला माणूस असल्याशिवाय नाहीच.

सायकलबद्दल एकच सांगतो. ऊस चालू झाला की पहाटे रस्त्यावर ट्रॉल्या असतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो. उजाडल्यावरच निघावे आणि हेल्मेट घालावे. नव्वद किलोमीटर सायकल मारून उतरल्यावर पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, म्हणून आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दोन-तीन किलोमीटर धावण्याची सवय करावी.

आता पाण्याविषयी, कारण इथे सुशिक्षित माणसेही चुकतात. गोव्याच्या दमट हवेत तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम जातो. तो भरून निघाला नाही तर धोका आहेच. पण नुसते पाणी घटाघट पीत राहणे हाही धोका आहे. रक्तातले मीठ पातळ होते, डोके दुखते, उलट्या होतात, माणूस बरळू लागतो, झटके येऊन दगावूही शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शंभरात तेरा जणांच्या रक्तातले सोडियम कमी निघाले. जास्त वेळ घेणारे, वाटेत भरपूर पिणारे आणि शर्यतीनंतर वजन वाढलेले असे लोक त्यांत अधिक होते. उपाय घरातल्या वजनकाट्यावर आहे. लांबच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर कमी झाले तर साधारण लिटरभर पाणी गेले. वजन वाढले असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. तहान लागेल तसे प्यावे, आणि बाटलीत साधे पाणी न ठेवता क्षारसंजीवनीचे पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या मापाने घालावे. चिमूटभर मीठ अंदाजाने टाकू नये.

खाणे सोपे आहे. तासाला तीस ते साठ ग्रॅम साखरेचे पदार्थ पुरतात : एक केळे आणि चिक्कीची एक वडी तिसाच्या घरात जाते. बाजारातल्या महागड्या पुड्या घ्यायच्या तर घ्या, पण शर्यतीच्या दिवशी प्रथमच नको.

ऊन हा वेगळा विषय आहे. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहाटे गारव्यातच सराव करणारा माणूस गोव्याला अकराच्या उन्हात धावू लागला की अडचणीत येतो. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तापाची गोळी तिथे उपयोगी नाही. जागेवरच कपडे सैल करून थंड पाणी आणि बर्फ लावत अंग गार करायचे, मग गाडी शोधायची. क्रम उलटा झाला तर मेंदू आणि मूत्रपिंड धोक्यात येतात.

मूत्रपिंडावरून आठवले. गुडघा दुखू नये म्हणून बरेच जण शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतात. कोरड्या पडलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते, ती घेऊ नये. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरल्याची ती खूण आहे. घरी झोपून राहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आमच्या सरांनी अजून गोव्याचा अर्ज भरलेला नाही. सध्या ते रविवारी तलावावर जातात, बावन्न फेऱ्यांपर्यंत पोहोचले आहेत, आणि रक्तदाब १२८/८२ आहे.