रोटेटर कफची व्यावसायिक दुखापत

खांद्याच्या सांध्याला वेढणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांना कामाच्या स्वरूपामुळे होणारी झीज, सूज किंवा फाट म्हणजे रोटेटर कफची व्यावसायिक दुखापत होय. हमाल, बांधकाम मजूर, रंगारी, सुतार, वीजतंत्री अशा जड ओझे उचलणाऱ्या किंवा हात दीर्घकाळ खांद्याच्या वर ठेवून काम करणाऱ्या व्यक्तींना तिचा धोका अधिक असतो. सौम्य दुखापत विश्रांती व व्यायामाने आटोक्यात येते. कंडरा पूर्ण फाटल्यास शस्त्रक्रियेची गरज भासू शकते आणि त्यानंतर जड कामावर परतण्यास अनेक महिने लागतात.

शरीररचना

खांद्याचा सांधा उखळीच्या सांध्यांपैकी एक आहे. भुजास्थीचे (दंडाच्या हाडाचे) गोलाकार डोके अंसफलकाच्या (खांद्याच्या पात्याच्या) उथळ खोबणीत बसते. खोबणी उथळ असल्यामुळे हात जवळजवळ सर्व दिशांना फिरतो, मात्र त्यामुळेच सांध्याची स्थिरता हाडांपेक्षा स्नायूंवर अधिक अवलंबून असते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू भुजास्थीच्या डोक्याभोवती आवरणासारखे चिकटलेले असतात. त्यांना एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात. यांपैकी सुप्रास्पायनेटसची कंडरा हाडाच्या अरुंद जागेतून जाते आणि तीच सर्वाधिक वेळा फाटते.

कारणे

ही दुखापत दोन प्रकारे होते. पडणे, निसटणारे ओझे सावरणे किंवा हाताला अचानक हिसका बसणे यांमुळे कंडरा एकाएकी फाटू शकते. दुसऱ्या प्रकारात वर्षानुवर्षे तीच हालचाल केल्याने कंडरेचे तंतू हळूहळू झिजतात आणि एखाद्या दिवशी किरकोळ ताणानेही तुटतात. वाढते वय, धूम्रपान व मधुमेह यांमुळे धोका वाढतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहून न्यावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचवली आहे. सिमेंटची प्रमाणित गोणी ५० किलोग्रॅमची असल्याने एक गोणी या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचते. मात्र दुखापतीच्या दृष्टीने एका ओझ्याच्या वजनाइतकेच दिवसभरातील खेपांची संख्या, उचलण्याची उंची आणि मधली विश्रांती यांनाही महत्त्व असते.

लक्षणे व निदान

दंडाच्या बाहेरील बाजूस दुखणे, हात वर नेताना किंवा पाठीमागे वळवताना कळ येणे आणि हातातील जोर कमी होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. रात्री त्या कुशीवर झोपता न येणे ही रुग्णांची नेहमीची तक्रार असते. शारीरिक तपासणीनंतर क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा एमआरआय केले जाते. उतारवयात कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींच्या तपासणीतही कंडरा फाटलेली आढळू शकते. त्यामुळे केवळ अहवालावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला जात नाही.

उपचार

अंशतः फाटलेल्या किंवा झिजलेल्या कंडरेसाठी प्रथम कामात बदल, वेदनाशामके व फिजिओथेरपी यांचा वापर होतो. काही रुग्णांना स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. त्याने वेदना काही काळ कमी होतात, परंतु फाट जोडली जात नाही. अपघाताने पूर्ण फाटलेल्या कंडरेबाबत फार विलंब झाल्यास स्नायू आकसतो व त्यात चरबी साठते, त्यामुळे ती जोडणे अवघड होते.

शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून केली जाते. भुजास्थीत बारीक खुंट्यांसारखे अँकर बसवून त्यांच्या धाग्यांनी कंडरा हाडाला बांधली जाते. सांधा आखडणे, जंतुसंसर्ग आणि कंडरा पुन्हा फाटणे हे संभाव्य धोके आहेत.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ

साधारणपणे चार ते सहा आठवडे हात झोळीत (स्लिंगमध्ये) ठेवला जातो. या काळात बोटे, मनगट व कोपर हलवण्यास सांगितले जाते, तर खांद्याची हालचाल फिजिओथेरपिस्टच्या साहाय्याने होते. त्यानंतर रुग्ण स्वतः हात उचलू लागतो. ताकदीचे व्यायाम बहुधा तीन महिन्यांच्या सुमारास सुरू होतात. फाटीचा आकार व शस्त्रक्रियेचा प्रकार यांनुसार हे वेळापत्रक बदलते.

वेदना आणि कंडरेचे जुळणे यांचा वेग सारखा नसतो. दुखणे अनेकदा काही आठवड्यांत ओसरते, परंतु कंडरा हाडाशी घट्ट जुळण्यास अनेक महिने लागतात. बरे वाटू लागल्यावर लगेच ओझे उचलल्यास टाके तुटून कंडरा पुन्हा फाटू शकते.

दैनंदिन व्यवहारांत काही साधे बदल उपयोगी पडतात. सुरुवातीचे आठवडे पाठीमागे उशा लावून अर्धवट बसून झोपणे सुसह्य ठरते. पुढून उघडणारे कपडे वापरावे लागतात. कपडे घालताना शस्त्रक्रिया झालेला हात आधी बाहीत घालावा व काढताना शेवटी काढावा. जमिनीवरून उठताना त्या हातावर भार देणे, दुचाकी चालवणे आणि बस किंवा लोकलमध्ये त्या हाताने कडी पकडणे टाळावे लागते.

झोपमोड, परावलंबित्व आणि बुडणारी मजुरी यांमुळे चिंता व नैराश्य येऊ शकते. भरपाईचा दावा असलेल्या कामगारांमध्ये शस्त्रक्रियेचे परिणाम तुलनेने कमी समाधानकारक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हलके काम करणारी व्यक्ती जड काम करणाऱ्याच्या बरीच आधी कामावर परतू शकते. जड कामासाठी सहसा चार ते सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ लागतो. आधी हलके काम देऊन भार टप्प्याटप्प्याने वाढवणे अधिक सुरक्षित असते, परंतु रोजंदारीवरील कामगाराला असा पर्याय क्वचितच मिळतो.

भारतातील कायदेशीर तरतुदी

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामामुळे व कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. तात्पुरत्या अपंगत्वासाठी त्यात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम देण्याची तरतूद करण्यात आली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील योजनेत कामावरील दुखापतीमुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ ठरवण्यात आला. हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये एकत्र करण्यात आले. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार नोंदणीकृत हमालांसाठी स्वतंत्र मंडळे स्थापन झाली.

अचानक झालेल्या दुखापतीचा कामाशी असलेला संबंध दाखवणे तुलनेने सोपे असते. हळूहळू झिजलेल्या कंडरेबाबत मात्र ती वयामुळे झिजली की कामामुळे, असा वाद उद्भवतो. त्यामुळे दुखणे सुरू होताच त्याची लेखी नोंद होणे व डॉक्टरांच्या कागदपत्रांत कामाचे स्वरूप नमूद असणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास

बॉस्टन येथील शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ मध्ये फाटलेली सुप्रास्पायनेटस कंडरा जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३४ मध्ये त्यांचा खांद्यावरील ग्रंथ प्रकाशित झाला. हात उचलताना कंडरा वरच्या हाडाखाली घासली जाते, ही कल्पना चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडली. पुढे दुर्बिणीच्या तंत्रामुळे मोठ्या छेदाची गरज कमी झाली, तरी कंडरा जुळण्यास लागणारा काळ त्यामुळे फारसा कमी झालेला नाही.