पहिली वीस मिनिटे कोणाची?

उसाच्या फडाला आग लागते ती बहुधा भर दुपारी. वाऱ्याने वरच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी खाली पडते आणि वाळलेले पाचट पेट घेते. माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावतात. काहीजण वाऱ्याच्या पुढे जाऊन कोयत्याने ऊस तोडतात आणि मधे मोकळा पट्टा काढतात, म्हणजे पलीकडचा फड तरी वाचावा. विहीर शेजारीच असते, पण तारांच्या भीतीने वीज बंद करावी लागते आणि त्याबरोबर विहिरीवरची मोटारही बंद पडते. तालुक्याला फोन जातो. तिकडून विचारणा होते, मळा नेमका कुठे, पाणंदीतून बंब येईल का? बंब निघून पोचेपर्यंत फडाचा काय तो निकाल लागलेला असतो. जळका ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर वजन आणि उतारा घटतो, आणि गेला तरी दरात कपात सोसावी लागते. मग तलाठी पंचनाम्याला येतात. नुकसान मोजणारी यंत्रणा गावापर्यंत पोचली, ते टाळणारी मात्र तालुक्याच्या गावीच थांबली. यात कुणा एका कर्मचाऱ्याची हयगय शोधण्यात अर्थ नाही. गावातली आग ही नेमकी कोणाची जबाबदारी, हेच आपण ठरवलेले नाही.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली आणि तिच्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. ७३व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात शेतीपासून ग्रंथालयांपर्यंत २९ विषय आहेत, अग्निशमन मात्र नाही. ग्रामपंचायत कायद्यात आग विझवायला साहाय्य करण्याचा उल्लेख सापडतो, पण ग्रामपंचायतीची कामे ग्रामनिधीला झेपेल तितपतच करायची असतात, आणि ज्या निधीतून दिवाबत्तीचे बिल कसेबसे भागते त्यातून बंब कुठून उभा राहणार? महाराष्ट्राचा २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा मुख्यतः इमारतींचा विचार करतो. गंजी, गोठा, आंब्याची बाग यांना त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे नगरपरिषदेचा बंब हद्दीबाहेरच्या वर्दीवर जातो तो माणुसकीने किंवा जिल्हा प्रशासनाच्या सांगण्यावरून. तो शहराबाहेर असताना शहरात आग लागली तर काय, ही धास्ती तिथल्या अधिकाऱ्याला असते आणि ती रास्तही आहे. २०११च्या जनगणनेनुसार राज्यातली सुमारे ५५ टक्के माणसे ग्रामीण भागात राहतात. त्यांच्या वाट्याला हे उसने संरक्षण येते.

यावर पहिला उपाय सुचतो तो बंब वाढवण्याचा. तो हिशेबाला टिकत नाही. ग्रामीण भागात वर्दीनंतर वीस मिनिटांत मदत पोचावी आणि दर ५० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असा देशात मान्य झालेला निकष आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे सहा हजारांच्या आसपास केंद्रे लागतील. चोवीस तास पगारी माणसे बसवून इतकी केंद्रे चालवणे कुठल्याच सरकारला परवडणार नाही. दुसरीकडे, ताशी ४० किलोमीटर वेगाने बंब वीस मिनिटांत तेरा किलोमीटर जातो, तोही रस्ता धड असेल तर. तालुक्याची टोकाची गावे याहून कितीतरी लांब असतात. बंब पोचला तरी साडेचार हजार लिटरची टाकी एकाच नळीतून मिनिटाला ४५० लिटर सोडले की दहा मिनिटांत रिकामी होते. पुढचे पाणी कुठून भरायचे हे आधी ठरलेले नसेल, तर बंब नुसता उभा राहतो.

बचावकार्याची गोष्ट याहून निकडीची आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रसामग्री खाली राहिली आणि माणसे भर पावसात डोंगर चढून गेली. २०१८मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हाही दोर घेऊन खाली उतरले ते परिसरातले गिर्यारोहक. पण नुसती धाव पुरत नाही. एप्रिल २०२४मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवायला एक माणूस उतरला, त्याला वाचवायला दुसरा, आणि असे करता करता पाचजण विषारी वायूने गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा वाचला. धैर्य सहाही जणांकडे होते.

विरळ वस्तीच्या मुलखात हे काम कसे चालते, हे पाहायला इंग्लंडमधला कंब्रिया परगणा चांगला आहे. डोंगर, तळी, अरुंद रस्ते, सुमारे पावणेसात हजार चौरस किलोमीटरचा पसारा आणि वस्ती जेमतेम पाच लाख. तिथली बहुतेक अग्निशमन केंद्रे एरवी बंद असतात. शेतकरी, दुकानदार, गवंडी अशी माणसे आपापल्या कामावर असतात, पेजर वाजला की हातातले काम टाकून पाचेक मिनिटांत केंद्रावर पोचतात आणि गाडी बाहेर काढतात. त्यांना ठरावीक वार्षिक मानधन मिळते, शिवाय वर्दीवर गेलेल्या तासांचे पैसे वेगळे. आठवड्यातली एक संध्याकाळ सरावाची असते. २००४च्या कायद्याने आगीबरोबर रस्ते अपघातातल्या सुटकेचीही जबाबदारी या दलांवर सोपवली. थोडक्यात, माणूस गावचा आणि जबाबदारी परगण्याची, अशी ही वाटणी आहे.

ही व्यवस्था तिथे निर्वेध चालते असे नाही. नोकरीसाठी माणसे दिवसा गावाबाहेर असतात, म्हणून भरती कठीण होत चालली आहे. आपल्याकडेही तरुण शहरात जातात. पण ज्या फडावर, गोठ्यावर, दूध संकलन केंद्रावर दिवसभर माणूस लागतो, तिथली माणसे गावातच असतात, आणि बायकाही असतात. त्यांना वगळण्याचे कारण नाही. अर्धवट शिकलेले लोक जीव धोक्यात घालतील, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याचे उत्तर वाकडीच्या विहिरीत आहे. माणसे आजही आत उतरतातच, न शिकता उतरतात. आत कधी जायचे नाही, हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असतो. आपदा मित्र योजनेत स्वयंसेवक तयार झाले, ही चांगली सुरुवात आहे. पण गाडी, केंद्र, विमा आणि मानधन यांच्याशिवाय उत्साह दोन-तीन हंगामांपलीकडे टिकवणे अवघड जाते. राहिला पैशाचा प्रश्न. केंद्राने २०२३मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना मंजूर केली. असा निधी शहरांतल्या उंच शिड्यांवरच संपू नये, एवढी मागणी तर गावांनी करायलाच हवी.

मागणी फार मोठी नाही. कायद्याने ही जबाबदारी जिल्हा परिषदेवर टाकावी आणि तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी. दहा-बारा गावांमागे एक छोटी गाडी, ट्रॅक्टरवर चालणारा पंप, दोर, आणि मानधन व विमा असलेली दहा माणसे असावीत. कोणत्या विहिरीवर, कोणत्या शेततळ्यावर बंब भरता येईल आणि कोणत्या पाणंदीतून तो जाईल, याचा नकाशा उन्हाळ्याआधी तयार असावा. तालुक्याचा बंब लागेलच, पण तो पोचेल तेव्हा गावाने आग अडवून धरलेली असेल. गाव आजही धावतेच. त्या धावण्यामागे शिकवण, साधने आणि कायदा उभा करणे हे राज्याचे काम आहे. वाकडीत सहाव्या माणसाच्या कमरेला दोर होता. तो दोर पहिल्याच माणसाला मिळायला हवा.