वखारीचे भाडे आणि वेशीवरची जकात

आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाने आपल्या संग्रहातील जुनी मासिके आणि पोथ्या स्कॅन करून घेतल्या, तेव्हा सुमारे वीस लाख पानांच्या तितक्याच फाइली आणि एकूण एक टेराबाइट, म्हणजे हजार जीबीचा ऐवज तयार झाला; आणि तो ठेवावा कोठे, हा प्रश्न घेऊन वाचनालयाचे चिटणीस एका संध्याकाळी निरनिराळ्या कंपन्यांच्या दरपत्रकांचे कागद हाती धरून माझ्याकडे आले. "अहो, यांत सर्वांत स्वस्त कोण, एवढेच सांगा," असे ते म्हणाले. त्या एवढ्याशा प्रश्नापायी आम्ही रात्री अकरापर्यंत आकडेमोड करीत बसलो.

ज्याला ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात, ती वस्तुतः फाइलींची भाड्याची वखार होय. या धंद्याचा पाया अॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये 'एस-थ्री' ही सेवा सुरू करून घातला, तेव्हा एका जीबीचे मासिक भाडे १५ सेंट होते आणि माल बाहेर नेण्याचा आकार २० सेंट होता. आज त्याच कंपनीच्या मुंबईच्या केंद्रात भाडे अडीच सेंट आहे, म्हणजे जवळजवळ दोन दशकांत ते एक षष्ठांशावर आले. परंतु मुंबईहून इंटरनेटवर माल बाहेर काढण्याचा दर अद्याप १०.९३ सेंट, म्हणजे मूळच्या निम्म्याहूनही थोडा अधिकच आहे. भाडे उतरत गेले आणि वेशीवरची जकात मात्र त्या मानाने उतरली नाही, हे ध्यानी घेतल्यावाचून कोणतेही दरपत्रक वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिटणीसांच्या ऐवजाचाच हिशेब घ्या. मुंबईत त्याचे भाडे महिना २५ डॉलर. परंतु तो संपूर्ण ऐवज एकदाच बाहेर काढावयाचा म्हटला, तर दरमहा मिळणारी १०० जीबीची सवलत वजा जाता ९८ डॉलर पडतात, म्हणजे चार महिन्यांचे भाडे एका फेरीत जाते. वाचकांनी महिन्याभरात दहा टेराबाइट पाने उतरवून घेतली, तर हीच जकात हजार डॉलरांच्या वर जाईल. क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीच्या 'आर-टू' वखारीत भाडे १५ डॉलर आणि जकात मुळीच नाही. बॅकब्लेझचे भाडे २०२३च्या फेरबदलानंतर ६ डॉलर झाले, आणि साठ्याच्या तिपटीपर्यंत माल नेणे तेथे मोफत असून पुढे जीबीमागे एक सेंट पडतो. तेव्हा त्याच दहा टेराबाइटांचे तेथे सुमारे ७० डॉलर होतील. वसाबी ६.९९ डॉलर घेते आणि जकात घेत नाही, मात्र महिन्याची उचल साठ्याहून अधिक नसावी अशी अट घालते. हे दर वारंवार बदलतात. म्हणून आकड्यांपेक्षा त्यांचे परस्परप्रमाण पाहावे.

जकात नसली तरी कोठे कोठे मुदतीचे कलम असते. वसाबीच्या साध्या योजनेत ठेवलेली वस्तू दहाव्या दिवशी पुसली तरी भाडे नव्वद दिवसांचे द्यावे लागते. एखादे कार्यालय रोज रात्री शंभर जीबीची प्रत काढून ती सातच दिवस ठेवीत असेल, तर त्याला दिसतात सातशे जीबी, आणि भाडे भरावे लागते नऊ हजार जीबींचे. म्हणजे जे काम मुंबईच्या 'महाग' वखारीत साडेसतरा डॉलरांत होते, त्याला या 'स्वस्त' वखारीत साठांहून अधिक डॉलर मोजावे लागतात.

चिटणीसांचे मन मात्र अॅमेझॉनच्या 'डीप आर्काइव्ह' या तळघरावर जडले होते, कारण अमेरिकेतील व्हर्जिनिया केंद्रात तेथे एका टेराबाइटचे भाडे महिन्याला एक डॉलरही होत नाही. खरी मेख येथे आहे. त्या तळघरात माल उतरविण्याचा आकार दर हजार फाइलींमागे ५ सेंट असतो. वीस लाख सुट्या फाइलींची नुसती हमाली झाली शंभर डॉलर, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाचे भाडे! शिवाय फाइल कितीही लहान असो, प्रत्येकीमागे चाळीस केबीची नोंद ठेवली जाते, त्यातील आठ केबींना वरच्या मजल्याचा महाग दर लागतो, आणि त्यापायी भाडे दीडपट होण्याच्या बेतास येते. तीच पाने दोन-दोन जीबीच्या पाचशे गठ्ठ्यांत बांधली, की हमाली अडीच सेंटांवर येते. चिटणीसांनी हा आकडा दोनदा लिहून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

बिलात मुकाट्याने शिरणाऱ्या दोन गोष्टीही मी त्यांना दाखविल्या: अर्ध्यावर तुटलेल्या अपलोडचे तुकडे, जे फाइलींच्या यादीत दिसत नाहीत पण ज्यांचे भाडे चालू राहते, आणि 'व्हर्जनिंग' चालू असल्यास पुसलेल्या फाइलींच्या मागे उरणाऱ्या जुन्या आवृत्त्या. दोहोंनाही मुदतीचा नियम लावून ठेवता येतो.

ग्राहकाने वखार बदलावयाची म्हटली तर जकात अडसर होते, ही तक्रार युरोपात कायद्यापर्यंत पोहोचली. तेथील डेटा कायद्यान्वये असे स्थलांतर-शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून घेता येणार नाही. त्याची चाहूल लागताच २०२४च्या आरंभी गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे निघून जाणाऱ्यांना जकात माफ केली. राहून रोजची ये-जा करणाऱ्यांना मात्र ती माफी नाही.

"आणि गठ्ठे परत मागवले तर?" चिटणीसांनी उठता उठता विचारले. मी सांगितले की सर्वांत स्वस्त रीतीने मागविल्यास दोन दिवसांपर्यंत थांबावे लागते, आणि सगळाच ऐवज आणावयाचा झाला तर व्हर्जिनियाच्या जकातीपोटी ८१ डॉलर, म्हणजे जवळजवळ सात वर्षांचे भाडे जाईल. ते क्षणभर थांबले. मग दरपत्रकांच्या पाठीवर पेन्सिलीने त्यांनी तीन ओळी लिहिल्या: तळघरात गठ्ठे, कोणत्या गठ्ठ्यात कोणते पान याची खतावणी निराळी, आणि एक प्रत हार्डडिस्कवर, वाचनालयाच्या लोखंडी कपाटात.