हाडांची घडण आणि बालवयातील पोषण

आंबेगाव तालुक्यातील घोडेगावच्या परिसरातून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावजवळून जाते. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत, घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून पुरलेल्या मडक्यांत बालकांचे सांगाडे मिळाले. दातांवरून व हाडांवरून त्यांच्या मृत्यूसमयीच्या वयाचा आणि पोषणाचा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला. हाडात बालपणाची अशी नोंद का राहते, हे त्याच्या घडणीवरून कळते.

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे; ते जिवंत पेशींचे बनलेले असते. त्याची घडण मातेच्या उदरातच सुरू होते. कवटीची चपटी हाडे पातळ पटलात थेट तयार होतात. हातापायांच्या लांब हाडांचा मात्र प्रथम मऊ कूर्चेचा साचा बनतो आणि क्रमाक्रमाने त्याची जागा हाड घेते. हे बांधकाम अस्थिजनक पेशी करतात. त्या कोलॅजन या प्रथिनाचे जाळे विणतात. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक बसून ते कठीण होते. या बांधकामात कोंडल्या गेलेल्या काही पेशी अस्थिपेशी होऊन हाडावरील ताण ओळखतात. अस्थिभक्षक पेशी जुना भाग विरघळवितात. ही मोडजोड जन्मभर चालू असते.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या वाढपट्टीमुळे. तेथील पेशी नाण्यांच्या चवडीप्रमाणे एकीवर एक रचल्या जातात, फुगतात आणि शेवटी त्यांच्या जागी हाड येते. उपासमार वा दीर्घ आजार यांमुळे ही वाढ थांबून पुन्हा सुरू झाली, तर हाडात कधी कधी आडव्या रेषा उमटतात; त्या क्ष-किरण चित्रात दिसतात. ड जीवनसत्त्व अपुरे पडल्यास नवे हाड मऊच राहते, पाय वाकतात, हाच मुडदूस. वयात आल्यावर, मुलींमध्ये साधारणतः मुलांच्या आधी, वाढपट्टी हाडात रूपांतरित होते. त्यानंतर उंची वाढत नाही.

म्हणूनच गरोदर मातेचा व बालकाचा आहार महत्त्वाचा ठरतो. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्या जोडीस डाळी, दूध, अंडी आणि अंगावर ऊन हवे. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळावा, यासाठी शासनाने २०१५ साली अमृत आहार योजना सुरू केली. हा आहार प्रत्येक पाड्यावर पोहोचतो की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. शिक्षकांनी मुलांची उंची ठरावीक काळाने मोजून नोंदवावी आणि वाढ खुंटलेली दिसताच आरोग्य केंद्रास कळवावे. वाढपट्टी मिटण्यापूर्वी दिलेला सकस घास हाडाच्या कामी येतो. मिटल्यानंतर गेलेली उंची परत मिळत नाही.