सिकलसेलमध्ये खुबा दुखतो, पण एक्स-रे चांगला येतो, मग काय?

नागपूरच्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, ते 1958 साली. रक्ताची तपासणी आता बहुतेक घरांना माहीत आहे. पण हा आजार हाडेही पोखरतो, हे अजून सगळ्यांना ठाऊक नाही.

निरोगी लाल पेशी गोल आणि लवचीक असते. सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी पडला की ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे असते. ते खुब्याच्या खोबणीत फिरते. त्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. त्या तुंबल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो. पुढे शरीराचा भार न पेलल्याने गोळा चपटा होतो आणि माणूस लंगडतो.

एक्स-रेमध्ये मुख्यतः हाडातला चुना आणि हाडाचा आकार दिसतो. सुरुवातीला हे दोन्ही बदललेले नसतात, म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. एमआरआय चुंबकाच्या साहाय्याने हाडाच्या आतल्या मज्जेचे चित्र काढते, त्यामुळे हा बिघाड कितीतरी आधी दिसतो. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. अंगात पेसमेकर किंवा धातूची पट्टी असेल तर आधी सांगावे.

म्हणून सिकलसेलच्या रुग्णाची जांघ, मांडी किंवा गुडघा सतत दुखत असेल, तो लंगडत असेल, तर मेडिकल किंवा एम्सच्या हाडांच्या ओपीडीत न्यावे. खुब्याचे दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. आपल्याला सिकलसेल आहे हे आधी सांगावे आणि "दोन्ही खुब्यांचा एमआरआय लागेल का?" असे विचारावे. गोळा चपटा होण्याआधी कळले तर पायावरचा भार कमी करणे, व्यायाम, हाडातला दाब कमी करणारी शस्त्रक्रिया असे मार्ग उरतात. उशीर झाला तर बहुधा खुबा बदलावा लागतो.

दुखण्यासोबत ताप आणि सूज असेल तर हाडात जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मालिश करू नये, मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहू नयेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवावे. आणि एक्स-रे चांगला आला म्हणून पोरगं शाळेत न जाण्यासाठी ढोंग करतं, असे कुणी म्हणू नये. त्याचे दुखणे खरे असते.