आठवणींचा लिलाव

अक्कलकोटच्या राजवाड्यांतील शस्त्रागार पाहून बाहेर पडणाऱ्या मनुष्याच्या मनांत एक विचार सहज येतो. तेथील तलवारींचें पोलाद किंवा ढालींचें कातडें कांहीं जगावेगळें नाहीं. तशीं हत्यारें इतरत्रही सांपडतील. असें असूनही पाहणाऱ्याचें पाऊल त्यांच्यापुढें थबकतें, कारण हीं हत्यारें कोणाच्या घराण्यांतील, तीं कोठें टिकलीं, हें त्याला ठाऊक असतें. छत्रपति शाहूमहाराजांनीं ज्यांना पुत्राप्रमाणें वाढविलें, त्या फत्तेसिंह भोसल्यांचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. परंतु शस्त्रांनीं आपली जागा सोडली नाहीं. वस्तू जोंवर आपल्या जागीं असते, तोंवर तिची किंमत कोणी विचारीत नाहीं. ती घराबाहेर पडली, कीं मात्र तिला बाजार भेटतो आणि मग आठवणीलाही भाव फुटतो.

हा भाव केवळ राजेरजवाड्यांच्या वस्तूंनाच येतो असें नाहीं. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एका निराळ्याच प्रकारच्या वस्तूंचा मोठा व्यापार जगांत उभा राहिला आहे. विजेवर वाजणारीं गिटारें, दणदणीत ताल आणि चार-पांच तरुणांचा ताफा, असें ज्याचें स्वरूप, त्या पाश्चात्य ‘रॉक’ संगीताच्या गायकवादकांनीं वापरलेल्या चिजांचा हा व्यापार होय. १९८१ सालच्या डिसेंबरांत लंडनच्या ‘सॉदबीज’ या जुन्या लिलावगृहानें अशा वस्तूंची स्वतंत्र विक्री मांडली, तेव्हां पुष्कळांना ती एक गंमत वाटली. चारच वर्षांनीं, १९८५ सालीं, ‘बीटल्स’ या विख्यात ताफ्यांतील जॉन लेनन याची रंगविलेली रोल्स-रॉईस मोटार २२ लक्ष ९९ हजार डॉलरांस गेली आणि गंमत संपली. २०२० सालीं कर्ट कोबेन या अकालीं मरण पावलेल्या गायकाचें एक साधें लांकडी गिटार ६० लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें.

हीं नांवें महाराष्ट्रीय वाचकाला दूरचीं वाटतील. परंतु या व्यापारांतील एका अत्यंत मोठ्या विक्रीचा धागा साताऱ्याच्या डोंगरांत येऊन पोहोंचतो. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजीबार बेटांत एका पारशी कुटुंबांत फारोख बलसारा नांवाचा मुलगा जन्मला. वयाच्या आठव्या वर्षीं त्याला शिक्षणाकरितां समुद्र ओलांडून पांचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेंत धाडण्यांत आलें. तेथेंच तो पियानो शिकला, तेथेंच सोबत्यांनीं त्याला ‘फ्रेडी’ म्हणण्यास आरंभ केला आणि बारा वर्षांचा असतांना तेथेंच त्यानें ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी ताफ्यांत पियानोची साथ केली. १९६४ सालीं हें कुटुंब इंग्लंडला गेलें. पुढें १९७० सालीं स्थापन झालेल्या ‘क्वीन’ या ताफ्याचा गायक म्हणून हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नांवानें जगाला माहीत झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं एड्सच्या विकारानें लंडनमध्यें त्याचा अंत झाला. आपलें घर व त्यांतील बहुतेक चीजवस्तू त्यानें आपली जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन हिला दिली होती. तीस वर्षेंपर्यंत तिनें तें घर जसेंच्या तसें राखलें आणि मग सर्व विकण्याचें ठरविलें.

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत सॉदबीजनें त्या घरांतील वस्तू लोकांना विनामूल्य पाहण्यास खुल्या केल्या. महिनाभरांत १ लक्ष ४० हजारांहून अधिक माणसें रांगा लावून त्या पाहून गेलीं. सप्टेंबरांत सुमारें चौदाशें वस्तूंचा लिलाव झाला आणि एकंदर सुमारें चार कोटि पौंड जमा झाले. त्यांतील कांहीं भाग एड्सच्या रोग्यांसाठीं झटणाऱ्या संस्थांना देण्यांत आला. ज्या पियानोवर त्यानें १९७५ सालचें आपलें सर्वांत गाजलेलें गीत रचलें, तो १७ लक्ष ४२ हजार पौंडांस, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें अठरा कोटि रुपयांस गेला. त्याच गीताचे हस्तलिखित कच्चे कागद १३ लक्ष ७९ हजार पौंडांस गेले. या कागदांत एक मौज उघडकीस आली : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गीताला कर्त्यानें आधीं ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असें नांव लिहिलें होतें व मग तें खोडलें होतें. जगानें पन्नास वर्षें जें गीत ऐकलें, त्याच्या नांवाचा हा पहिला विचार एका कागदावरच जगून राहिला होता.

लिलावाची रीत नीट पाहिल्यास या आंकड्यांचा अर्थ अधिक उमगतो. विक्रीपूर्वीं तज्ज्ञ मंडळी प्रत्येक वस्तूची अंदाजी किंमत छापून प्रसिद्ध करतात. मग बोली चढत जाते आणि जेथें ती थांबते, तेथें लिलाव पुकारणारा हातोडा आपटतो. परंतु घेणाऱ्याला तेवढेंच द्यावें लागत नाहीं. लिलावगृहाचें अधिमूल्य त्यावर निराळें पडतें. फ्रेडीची मिशा विंचरण्याची एक चांदीची फणी होती. तिचा अंदाज चारशें ते सहाशें पौंडांचा होता. हातोडा पडला १ लक्ष २० हजारांवर; शेंकडा २७ प्रमाणें ३२,४०० पौंड अधिमूल्य मिळून घेणाऱ्यानें १,५२,४०० पौंड मोजले. घराच्या बागेचा हिरवा दरवाजा, ज्यावर चाहत्यांनीं वर्षानुवर्षें निरोप लिहून ठेवले होते, पंधरा ते पंचवीस हजारांचा धरला होता. तो ४,१२,७५० पौंडांस गेला. उलट पियानोचा अंदाज वीस ते तीस लक्षांचा होता, आणि तो मात्र तेथवर पोहोंचला नाहीं. यावरून दिसतें तें असें कीं, अशा वस्तूची कोणतीही ‘योग्य’ किंमत नसते. ती हवी असणारे निदान दोघे जण त्या क्षणीं त्या दालनांत किंवा दूरध्वनीवर असले पाहिजेत, आणि त्यांतील कोणीही आधीं माघार घेऊं नये, एवढ्यावरच ती ठरते. फणी पुष्कळांना खिशांत घालून नेतां येते. पियानोला दिवाणखाना लागतो.

तथापि ही सारी इमारत एका पायावर उभी असते, आणि तो म्हणजे वस्तूचा पूर्वेतिहास. फणी चांदीची आहे हें सोनार सांगूं शकेल. ती फ्रेडीचीच आहे हें तो सांगूं शकणार नाहीं. ती कोणाकडून कोणाकडे आली याची अखंड सांखळी दाखवितां आली, तरच तिला मोल. मर्क्युरीच्या वस्तू एका घरांतून, एकाच व्यक्तीच्या हातून, प्रथमच बाहेर पडत होत्या. म्हणून तेथें संशयाला जागा नव्हती. एरवीं हा बाजार लबाडीनें भरलेला आहे. बीटल्सच्या सह्यांचेंच उदाहरण घ्यावें. चाहत्यांची गर्दी आंवरेना, तेव्हां त्यांचे निकटचे मदतनीसच पुष्कळदां चौघांच्या सह्या करून देत. त्या कागदांचें वय अस्सल, शाई अस्सल, ज्यानें त्या मिळविल्या त्याची आठवणही प्रामाणिक. खोटी असते ती सही तेवढी. म्हणून जाणता संग्राहक वस्तूपेक्षां तिच्याबरोबरचें पत्र, पावती किंवा छायाचित्र अधिक बारकाईनें तपासतो.

दुर्मिळता हा दुसरा पाया होय, आणि तिची कारणें मोठीं विलक्षण असतात. भारतांतच घडलेली एक गोष्ट जगभरच्या संग्राहकांना परिचित आहे. १९६० च्या सुमारास युरोप-अमेरिकेंत मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या निघणें बंद झालें. त्यांची जागा हलक्या, न फुटणाऱ्या तबकड्यांनीं घेतली. परंतु भारतांतील असंख्य घरीं त्या वेळीं वीज नव्हती आणि ग्रामोफोन किल्लीवरच चालत होता. त्याला जुनी तबकडीच लागे. म्हणून कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत १९६३ ते १९६५ च्या काळांत बीटल्सचीं गाणीं लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघालीं. खुद्द इंग्लंडांत तीं तशा स्वरूपांत कधींच निघालीं नाहींत. ज्या तबकड्या येथें केवळ गरजेपोटीं काढल्या गेल्या, त्यांचा शोध आज परदेशचे संग्राहक मोठ्या आस्थेनें घेत असतात. लाख ठिसूळ, हातून निसटली कीं तबकडीचे तुकडे. जेवढ्या फुटल्या, तेवढा उरलेल्यांचा भाव चढला. आपल्याकडील जुन्या तबकड्यांची जपणूक व अभ्यास करण्यासाठीं १९९० सालीं मुंबईंत संग्राहकांची एक संस्थाही निघाली; नाट्यसंगीताच्या व ख्यालगायनाच्या कितीतरी मुद्रिका अशा हौशी मंडळींच्या कपाटांतच वांचल्या.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. पैसा मिळाला, हौस फिटली. पण त्या वस्तूचें पुढें काय? मर्क्युरीच्या चौदाशें वस्तू आतां जगभर पांगल्या आहेत. एकत्र असतांना त्या एका माणसाची राहणी, आवड आणि कष्ट सांगत होत्या. निरनिराळ्या तिजोऱ्यांत गेल्यावर प्रत्येक वस्तू फक्त आपली किंमत सांगते. ज्यांनीं रांगा लावून त्या पाहिल्या, त्यांना त्या पुन्हां एके ठिकाणीं दिसणार नाहींत. विकणारीचाही दोष म्हणतां येत नाहीं. तीस वर्षें दुसऱ्याच्या आठवणींचा सांभाळ करणें हेंही एक ओझेंच असतें, आणि ज्याची ती मालमत्ता, त्याला ती विकण्याचा हक्क असतोच.

परंतु याच माणसाच्या एका वस्तूची गोष्ट निराळी झाली. लहानपणीं फारोखला पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा नाद होता. वडिलांनाही तोच छंद. सुमारें नऊ ते बारा या वयांत, म्हणजे पांचगणीच्या शाळेच्या दिवसांत जमविलेलीं हीं तिकिटें त्यानें एका वहींत काळ्या पानांवर मोठ्या नीटसपणें, दोन्ही बाजूंचा तोल साधून चिकटविलीं होतीं. मुलाच्या निधनानंतर वडिलांनीं ती वही १९९३ सालीं लिलावांत काढली. ती इंग्लंडच्या टपालखात्याच्या संग्रहालयानें घेतली आणि मिळालेली रक्कम एड्सविरुद्ध काम करणाऱ्या न्यासाला गेली. हातोडा येथेंही पडला, पैसा येथेंही हातीं आला. पण वही लोकांची झाली. ज्याला पाहावयाची असेल, त्याच्यासाठीं ती जपून ठेवलेली आहे.

महाराष्ट्राला अलीकडेच असा एक अनुभव आला. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी भोसले यांची तलवार २०२५ सालच्या एप्रिलांत लंडनच्या लिलावांत आली. महाराष्ट्र शासनानें ४७ लक्ष १५ हजार रुपये खर्चून ती मिळविली आणि ऑगस्टांत ती मुंबईंत पोहोंचली. जी वस्तू एके काळीं आपलीच होती, ती आपल्याच पैशानें विकत आणावी लागली. १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. परंतु जें पूर्वींच गेलें त्याला हा कायदा आडवा येत नाहीं, आणि ज्याला अजून शंभर वर्षें (महत्त्वाच्या हस्तलिखितांच्या व कागदपत्रांच्या बाबतींत पंचाहत्तर वर्षें) झालीं नाहींत, त्याचें रक्षणही तो सहसा करीत नाहीं. ग्रामोफोनच्या साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या तबकड्या, नाटकांच्या जाहिराती, गवयांचीं पत्रें, मैफलींचीं तिकिटें हीं सारीं या मधल्या उघड्या पट्ट्यांत येतात. त्यांचें रक्षण घरच्या माणसांनींच करावयाचें असतें.

आणि तें फारसें अवघड नाहीं. सोलापूर-अक्कलकोटकडील उन्हाळा पारा चाळिसावर नेतो. पत्र्याखालच्या माळ्यावर तबकड्या वांकतात आणि कागद कुरकुरीत होतात. तबकड्या एकीवर एक न रचतां खालच्या, थंड खोलींत उभ्या ठेवाव्या. कागदाला वाळवी व कसर यांपासून जपावें, चिकटपट्टी लावूं नये, प्लास्टिकमध्यें कायमचा बंद करूं नये. घासूनपुसून वस्तू नवी करण्याचा मोह टाळावा. संग्राहक जुनेपणाचेंच मोल देतो. आणि या सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे, ती वस्तू कोणाची, कोठून आली, कोणी केव्हां दिली, हें घरांतील वडील माणसांना विचारून एका कागदावर लिहून, तारीख घालून, तिच्याजवळ ठेवावें. ज्यांना तें सांगतां येतें अशीं माणसें घरांत आहेत, तोंवरच तें विचारण्यासारखें आहे. पुढें ती वस्तू घरींच राहो, संग्रहालयांत जावो, कीं एखाद्या लिलावांत हातोड्याखालीं येवो, तो कागद तिच्याबरोबर असला म्हणजे ती कोठेंही परकी होत नाहीं.